क्रॉस, मेन आणि तीन नाणी

मल्लेश्वरमला पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा मावशीने फोनवर पत्ता सांगितला तो नुसत्या दोन आकड्यांत. अमुक क्रॉस, तमुक मेन. आम्हा पुणेकरांना पत्ता कसा लागतो? ‘देवळासमोरून डावीकडे, गिरणीच्या वर, जिन्यात अंधार आहे, जपून या.’ मी म्हटलं, “मावशी, एखादी खूण तरी सांग.” ती म्हणाली, “खूण कशाला? दोन्ही आकडे जुळले की घर आलंच. एकच जुळला तर मात्र बस हिंडत.”

तिचं हे वाक्य लक्षात ठेवा. या प्रकरणातली अर्धीअधिक मेख त्यात आहे.

१८९८च्या प्लेगने बंगळुरूच्या जुन्या पेठांतली माणसं बाहेर काढली, त्या काळात वसलेली ही वस्ती. दक्षिणोत्तर जातात ते मेन, त्यांना काटकोनात छेदतात ते क्रॉस. संपिगे रोड म्हणजे सोनचाफ्याचा रस्ता, मार्गोसा रोड म्हणजे कडुनिंबाचा. वस्तीहून कितीतरी जुनं आहे ते काडु मल्लेश्वराचं देऊळ; काडु म्हणजे कानडीत रान. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा १६६९चा शिलालेख आहे. आपल्याकडून गेलेला माणूस ते ऐकून थोडा ताठ होतो आणि मग सातव्या क्रॉसच्या कोपऱ्यावर सीटीआरमध्ये बेण्णे डोशासाठी मुकाट्याने रांगेत उभा राहतो.

क्रॉस म्हणजे आडव्या ओळी, मेन म्हणजे उभे स्तंभ, आणि प्रत्येक चौकात एक संख्या लिहिलेली, अशी कल्पना करा. झाली मॅट्रिक्स. मराठीत तिला सारणी असा शब्द आहे, पण सारणी म्हटलं की मला रेल्वेचं वेळापत्रक दिसतं, म्हणून मी मॅट्रिक्सच म्हणणार. वेळापत्रक नुसतं वाचायचं असतं. मॅट्रिक्स काहीतरी करते.

काय करते ते पोळपाटावर दिसतं. कणकेची गोल लाटी घ्या, मध्यापासून बाहेर जाणारे पाच-सहा बाण नखाने ओढा आणि लाटणं एकाच दिशेने, पुढे-मागे फिरवा. लाटी लांबुळकी होईल. तिरपे बाण लाटण्याच्या दिशेकडे कलतील. दोन बाण मात्र आपली दिशा सोडणार नाहीत: एक लाटणं ज्या दिशेने सरकतं त्या दिशेचा, दुसरा त्याला काटकोनात. पहिला समजा दुप्पट झाला आणि दुसरा होता तेवढाच राहिला. तर हे ‘दोन’ आणि ‘एक’ म्हणजे त्या लाटण्याची आयगेनमूल्यं. जर्मनमध्ये ‘आयगन’ म्हणजे स्वतःचा. मी इथे स्वमूल्य म्हणतो. अठराव्या क्रॉसच्या पलीकडे ‘टाटा इन्स्टिट्यूट’ आहे (भारतीय विज्ञान संस्थेला रिक्षावाले अजून हेच म्हणतात). तिथली मुलं सरळ आयगेनव्हॅल्यू म्हणतात.

दोन ओळी-दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सला दोन स्वमूल्यं. शंभर ओळी-शंभर स्तंभ असतील तर शंभर. आपण सध्या सममित मॅट्रिसेसपुरतं बोलू, म्हणजे तिसऱ्या ओळीत सातव्या जागी जी संख्या, तीच सातव्या ओळीत तिसऱ्या जागी. असं असलं की सगळी स्वमूल्यं साध्या संख्यारेषेवर बसतात.

आता प्रश्न असा. या जागा नाणं उडवून भरल्या, छापा आला तर +१ आणि काटा आला तर −१, तर स्वमूल्यांबद्दल काही सांगता येईल का? माझं सहज उत्तर होतं, काय सांगणार कपाळ! आत गोंधळ भरला तर बाहेर गोंधळच येणार. हे उत्तर चूक आहे, आणि ते चूक असल्याचं पटायला तीन नाणी पुरतात.

पहिली दोन नाणी कर्णावर ठेवा, वर डावीकडे एक आणि खाली उजवीकडे एक. उरलेल्या दोन कोपऱ्यांत शून्य लिहा. या मॅट्रिक्सची स्वमूल्यं म्हणजे कर्णावरच्याच दोन संख्या. दोन नाणी उडवली तर निम्म्या वेळा ती सारखी पडतात, म्हणून निम्म्या वेळा दोन्ही स्वमूल्यं एकाच ठिकाणी बसतात. आता शून्यं खोडा, तिसरं नाणं उडवा आणि जे येईल ते दोन्ही कोपऱ्यांत लिहा. स्वमूल्यांमधलं अंतर काढायचं सूत्र पायथागोरसच्या घराण्यातलं आहे: कर्णावरच्या संख्यांच्या फरकाचा वर्ग, अधिक कोपऱ्यातल्या संख्येच्या दुपटीचा वर्ग, आणि त्या बेरजेचं वर्गमूळ. कर्णावरची नाणी सारखी असतील तर शून्य अधिक चार, म्हणजे अंतर २. वेगळी असतील तर चार अधिक चार, म्हणजे अंतर २.८३. नाणी पडण्याच्या आठ तऱ्हा आहेत. चारांत २ येतं, चारांत २.८३. शून्य एकदाही नाही. एका नाण्याची भर घातली आणि निम्म्या वेळा एकमेकांच्या मांडीवर बसणाऱ्या स्वमूल्यांनी कायमचं अंतर धरलं.

नाण्यांऐवजी कोणत्याही संख्या घेतल्या तरी कारण तेच. अंतर शून्य व्हायला कर्णावरचा फरक शून्य हवा आणि कोपराही शून्य हवा. क्रॉसही जुळला पाहिजे आणि मेनही. डोळे झाकून नकाशावर बोट ठेवलं तर ते एखाद्या रस्त्याच्या दहा पावलांत पडणं सोपं आहे, ठरलेल्या एका चौकाच्या दहा पावलांत पडणं अवघड. कारण पहिल्या वेळी पट्टा मोजायचा असतो, दुसऱ्या वेळी एवढंसं वर्तुळ. दहाची पाच पावलं केली की पट्टा निम्मा होतो, वर्तुळ पाव होतं. स्वमूल्यं एकमेकांना ढकलतात असं भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात. प्रत्यक्षात कुणी कुणाला ढकलत नाही. दोन आकडे एकाच वेळी जुळणं दुर्मीळ, एवढंच.

हे पहिल्यांदा कामी आलं ते अणुकेंद्राच्या अभ्यासात. अणू-रेणूंच्या ऊर्जापातळ्या म्हणजे एका मॅट्रिक्सची स्वमूल्यं, आणि वर्णपटातल्या रेषा म्हणजे त्यांच्यातली अंतरं. (ज्यांच्या नावाने अशा रेषांचा एक अख्खा वर्ग ओळखला जातो त्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांचं ‘पंचवटी’ हे घर मल्लेश्वरममध्येच आहे.) पण युरेनियमसारख्या जड केंद्रात दोनशेच्या वर कण एकमेकांत गुंतलेले. त्याची मॅट्रिक्स लिहायची कुणी? न्यूट्रॉनचा मारा करून प्रयोगवाल्यांनी पातळ्यांच्या रांगाच्या रांगा मोजल्या होत्या, समजावून सांगणारं कुणी नव्हतं. युजीन विग्नर यांनी सरळ हात टेकले, आणि टेकण्यातच शहाणपण दाखवलं: खरी मॅट्रिक्स माहीत नाही ना, मग यादृच्छिक घेऊ. १९५६ साली अमेरिकेतल्या गॅटलिनबर्गच्या परिषदेत त्यांनी शेजारच्या पातळ्यांमधल्या अंतराचं सूत्र अंदाजाने मांडलं. तो अंदाज म्हणजे आपण आत्ता केलेला दोन बाय दोनचाच हिशेब, नाण्यांऐवजी घंटेच्या आकाराच्या वितरणातून उचललेल्या संख्या घेऊन. लाखो पातळ्यांच्या केंद्राला दोन पातळ्यांचं सूत्र लावायचं, हे धाडस मला अजून पचत नाही.

ते बरोबर निघालं हे दाखवणाऱ्यांत एक राजस्थानातला तरुण होता. मदनलाल मेहता, गाव रेलमगरा. एम.एस्सी. झाल्यावर ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दोन वर्षं होते. ही संस्था जन्मली बंगळुरूत, १९४५ साली, भारतीय विज्ञान संस्थेच्याच आवारात, आणि त्याच वर्षी मुंबईला गेली. मेहता १९५८मध्ये पॅरिसजवळच्या साक्ले इथे पोहोचले आणि मिशेल गोदँ यांच्यासोबत त्यांनी कितीही मोठ्या मॅट्रिक्सचा हिशेब अचूक करण्याची वाट काढली. त्यांचा संयुक्त लेख १९६०चा. खरं सूत्र विग्नर यांच्या सूत्राहून वेगळं निघालं, पण आलेखात दोन्ही रेषा डोळ्यांना जवळजवळ एकच दिसतात. मेहतांचं ‘रँडम मॅट्रिसेस’ हे पुस्तक १९६७मध्ये आलं, २००४पर्यंत त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ते बसलं.

शेजाऱ्यांमधलं अंतर झालं. पण सगळी मिळून स्वमूल्यं कुठे बसतात?

शंभर बाय शंभरची सममित मॅट्रिक्स घ्या. भरायला ५,०५० नाणी लागतील, कॉम्प्युटरला सांगा. स्वमूल्यं किती मोठी असतील, याचा अंदाज एका जुन्या नियमातून मिळतो: सगळ्या स्वमूल्यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे मॅट्रिक्समधल्या सगळ्या संख्यांच्या वर्गांची बेरीज. इथे प्रत्येक संख्या +१ किंवा −१, वर्ग केला की १, आणि जागा दहा हजार. म्हणजे शंभर स्वमूल्यांमध्ये दहा हजार वाटायचे, प्रत्येकाच्या वाट्याला वर्ग सरासरी शंभर. स्वमूल्य ढोबळमानाने दहाच्या आसपास. नाणी कशीही पडोत, ही बेरीज ठरलेलीच.

आलेख काढला की जो आकार दिसतो तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला दचकवतो. −२० पासून +२० पर्यंत अर्धवर्तुळासारखी कमान. घंटा नाही, तिच्या दोन्ही बाजूंना पसरत जाणाऱ्या शेपट्या नाहीत. वीसपाशी कमान जमिनीला टेकते आणि तिच्या पलीकडे जवळजवळ कुणी नाही. परीक्षेच्या मार्कांपासून माणसांच्या उंचीपर्यंत सगळीकडे घंटा पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना ही काठ असलेली गोष्ट खोटी वाटते. दहा हजार बाय दहा हजार घेतली तर कमान −२०० ते +२००. नाण्यांऐवजी फासे टाका, सरासरी शून्य आणि फैलाव सगळीकडे सारखा ठेवा, कमान तीच.

अर्धवर्तुळच का, याचं विग्नर यांनी १९५५मध्ये दिलेलं उत्तर पायी फिरण्याचं आहे. नकाशा जरा बदलू. शंभर घरं, प्रत्येक घरातून प्रत्येक घराकडे जाणारी वाट, आणि प्रत्येक वाटेवर +१ किंवा −१ची पाटी. घरातून निघायचं, चार टप्प्यांत घरी परत यायचं आणि वाटेत दिसलेल्या चार पाट्यांचा गुणाकार करायचा. अशा सगळ्या फेऱ्यांच्या गुणाकारांची बेरीज म्हणजेच स्वमूल्यांच्या चौथ्या घातांची बेरीज. वर्गांचा मघाचा नियम याच नियमाचा धाकटा भाऊ, दोन टप्प्यांचा. आता ज्या फेरीत एखादी वाट एकदाच चालली गेली, तिचा गुणाकार छाप्यावर +१ आणि काट्यावर −१. अशा फेऱ्या सरासरीत एकमेकींना खाऊन टाकतात. टिकतात त्या फेऱ्या ज्यांत प्रत्येक वाट निदान दोनदा येते. आणि त्यांतही संख्येने भारी कोणत्या? ज्यांत नव्या वाटेने नव्या घरी जायचं आणि त्याच वाटेने परतायचं, अशा.

अशा फेऱ्यांचे नमुने किती? चार टप्प्यांचे दोन: पुढे-मागे-पुढे-मागे, नाहीतर पुढे-पुढे-मागे-मागे. सहा टप्प्यांचे पाच, आठ टप्प्यांचे चौदा. वहीत काढून पाहा, सहापर्यंत मजा येते, आठला चुकायला होतं. १, २, ५, १४ या कातालान संख्या, एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियन गणितज्ञाच्या नावाच्या. आणि ज्या आकाराचे घात नेमके या संख्या देतात तो आकार अर्धवर्तुळ. वाटेवर पाटी कुठली होती हे महत्त्वाचं राहत नाही, कारण प्रत्येक पाटी जाता-येता दोनदा भेटते आणि तिचं चिन्ह पुसलं जातं.

पण पातळ्यांचं अंतर राखणं केंद्राच्या बाहेरही दिसतं, आणि मला ते अठराव्या क्रॉसच्या बसथांब्यावर आठवतं. समजा बसगाड्या एकमेकींचा विचार न करता, मनाला येईल तेव्हा येतात. तर आधीच्या बसमागोमाग, सरासरी अंतराच्या दहाव्या हिश्शाच्या आत, दुसरी येण्याची शक्यता साडेनऊ टक्के. विग्नर यांच्या सूत्राने ती एका टक्क्याहूनही कमी, ०.८ टक्के. मॅट्रिक्समधल्या संख्या संमिश्र असतील, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात दोन-दोन आकडे दडलेले असतील, तर स्वमूल्यं जुळायला दोन नव्हे तीन गोष्टी जमाव्या लागतात. क्रॉस, मेन आणि मजला. मल्लेश्वरममध्ये बंगले पाडून इमारती उभ्या राहत आहेत त्या अर्थाने उदाहरण काळाला धरून आहे. तेव्हा ही शक्यता हजारात एक इतकी घसरते.

मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहरात बस चालकांच्या स्वतःच्या होत्या, वेळापत्रक नव्हतं. थांब्यांवर काही माणसं आधीची बस कधी गेली ते टिपून ठेवत आणि चालक त्यांना पैसे देऊन ती वेळ विचारत. पुढची नुकतीच गेली असेल तर हा सावकाश चालवणार, उतारू साठू देणार. बराच वेळ झाला असेल तर मागचा गाठेल म्हणून दामटणार. क्रबालेक आणि शेबा या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी या वेळांचा आलेख काढला, २०००मध्ये छापला, आणि त्यात हजारात एकवाला नियम, मजल्याचा, उमटलेला होता. अठराव्या क्रॉसवर मी असा हिशेब केलेला नाही. तिथे तीन बस एकामागोमाग येताना अनेकदा पाहिल्या आहेत, तेव्हा निकालाबद्दल मला फारशी उत्सुकताही नाही.

याच नियमाने १९७२मध्ये प्रिन्स्टनच्या दुपारच्या चहाला एक योग जुळवला. ह्यू माँटगोमरी हा तरुण अविभाज्य संख्यांशी बांधलेल्या झीटा फलाच्या शून्यांमधली अंतरं मोजत होता. सर्वदमन चौला यांनी त्याची गाठ फ्रीमन डायसन यांच्याशी घालून दिली. डायसन आणि मेहता यांनी काही वर्षांपूर्वी एकत्र लेख लिहिले होते. माँटगोमरीने आपलं सूत्र सांगताच डायसन यांनी ते ओळखलं. संमिश्र यादृच्छिक मॅट्रिक्सच्या स्वमूल्यांचं सूत्र! अविभाज्य संख्यांचा आणि युरेनियमचा काय संबंध, यावर तेव्हापासून पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. संबंधाचं मूळ अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही.

संख्याशास्त्रवाले मात्र म्हणतील, विग्नर कशाला, आम्ही आधीपासून इथे आहोत. खरं आहे. यादृच्छिक मॅट्रिसेसवरचा जॉन विशार्ट यांचा लेख १९२८चा. समरेंद्र नाथ रॉय यांनी १९३९मध्ये कलकत्त्यात अशा मॅट्रिसेसच्या स्वमूल्यांचं वितरण काढलं, त्याच वर्षी इतर काहींनीही स्वतंत्रपणे काढलं. या घराण्यात आपले अनंत क्षीरसागर आहेत, पुढे मिशिगन विद्यापीठात गेलेले. विशार्ट वितरणावरचा त्यांचा १९५९चा लेख दोन-तीन पानांचा आणि अजून उद्धृत होणारा. या घराण्याचा हिशेब आज शेअर बाजारात चालतो. चेन्नईच्या राजकुमार पान आणि सिताभ्र सिन्हा यांनी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले २०१ शेअर घेतले, १९९६ ते २००६ची सुमारे २,६०० दिवसांची चढउतार. कोणत्याच शेअरचा कुणाशी संबंध नसता तर त्यांच्या मॅट्रिक्सची स्वमूल्यं ०.५२ ते १.६३ या पट्ट्यात मावली असती. बहुतेक मावलीही. जे सर्वांत मोठं होतं ते पट्ट्याच्या फार बाहेर होतं: बाजार सगळा मिळून वर-खाली होतो त्याचं स्वमूल्य. पट्ट्याच्या आतलं जे आहे ते आवाज समजून सोडून द्यायचं. टीव्हीवरचे सल्लागार नेमकं त्याचंच विश्लेषण करत असतात असा माझा संशय आहे.

आता सममितीची अट काढून टाकू. संपिगे रोड आणि मार्गोसा रोड दोन्ही एकदिशा आहेत. जाताना जी वाट ती येताना नाही. तशीच मॅट्रिक्स: तिसऱ्या ओळीत सातव्या जागी एक नाणं, सातव्या ओळीत तिसऱ्या जागी दुसरं. आता स्वमूल्यं रेषेवर राहत नाहीत, संमिश्र संख्यांच्या प्रतलावर पसरतात, आणि पसरून एक भरीव तबकडी करतात, सगळीकडे सारखी दाट. घंटेच्या वितरणाच्या बाबतीत हे १९६५च्या जीनीब्र यांच्या कामातून दिसलं होतं. नाण्यांच्या बाबतीतही तबकडीच येते हे संगणक सांगत होता, सिद्ध होत नव्हतं. अडचण अशी की जातानाची आणि येतानाची वाट एक नसली की विग्नर यांची पायी फेरी कामाची राहत नाही. सोव्हिएत युनियनमध्ये व्याचेस्लाव गिरको यांनी १९८४मध्ये मार्ग दाखवला, बाई आडनावाच्या गणितज्ञाने १९९७मध्ये काही अटींखाली तो पुरा केला, आणि अनावश्यक अटी झाडून टाकणारा लेख २०१०मध्ये छापून आला तो टेरेन्स टाओ आणि व्हान वू यांचा. त्या लेखाला एक परिशिष्ट आहे. ते लिहिलं आहे मंजुनाथ कृष्णापूर यांनी, मल्लेश्वरमला खेटून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या गणित विभागातल्या प्राध्यापकांनी.

हे चित्र घरी काढता येतं. हजार बाय हजारची मॅट्रिक्स घंटेच्या वितरणातून भरा, सममितीची अट नको, आणि स्वमूल्यांचे ठिपके काढा. साधा लॅपटॉप काही सेकंदांत करतो. हजाराचं वर्गमूळ सुमारे ३२. तेवढ्या त्रिज्येची तबकडी दिसेल, आणि तिच्या काठाबाहेर मोजकेच चुकार ठिपके. मग नीट पाहा. मधोमध आडव्या अक्षावर, अगदी रेषेवर, काही ठिपके बसलेले दिसतील. एडलमन, कॉस्टलान आणि शुब यांनी १९९४मध्ये त्यांची सरासरी काढली. हजारांत सुमारे पंचवीस. बाकीचे सगळे जोडीने, एक अक्षाच्या वर आणि त्याची प्रतिमा तेवढ्याच अंतरावर खाली. आणि त्या पंचवीसांच्या वर-खाली, रेषेला लागून, एक बारीक पट्टा विरळ राहिलेला असतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा प्रिंटरची शाई कमी पडली असं वाटलं.